फिलिपिनो जोडीदाराला अमेरिकेत आणताना : व्हिसा नंतर निवडा, आधी तिचे कागद वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे नाशिकचे, आता अमेरिकन नागरिक, ह्यूस्टनला नोकरी. पहिलं लग्न अमेरिकेतच झालं आणि घटस्फोटही तिथेच. दुबईत कामानिमित्त राहत असताना तिथे नोकरी करणाऱ्या एका फिलिपिनो बाईंशी ओळख झाली. त्या आता फिलिपिन्समध्ये इलोइलोला आपल्या गावी परतल्या आहेत. त्यांचं लग्न कधी झालेलं नाही, पण सतरा वर्षांची मुलगी आहे. विचारलंय ते असं : फियान्से व्हिसा करावा की आधी लग्न करून मग अर्ज करावा? मुलीचं काय? मधल्या काळात त्या बाई टुरिस्ट व्हिसावर येऊन जाऊ शकतील का? आणि नाशिकच्या आईवडिलांना लग्नाला नेता येईल का?

मी कॅलिफोर्नियात कौटुंबिक इमिग्रेशनचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत फिलिपिनो कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. जवळजवळ प्रत्येक जोडपं पहिला प्रश्न हाच विचारतं, के-१ (फियान्से व्हिसा) की सीआर-१ (लग्नानंतर जोडीदाराला मिळणारा इमिग्रंट व्हिसा)? माझं उत्तर दरवेळी तेच असतं : आधी तिचे पीएसएचे दाखले मागवा, मग बोलू. पीएसए म्हणजे फिलिपीन स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटी. जन्म, लग्न, मृत्यूच्या सगळ्या नोंदी तिथे एकत्र होतात. अमेरिकन बाजूचे फॉर्म, फी, मुलाखती यांचा अंदाज बांधता येतो. अर्ज अडकतो तो फिलिपिन्सच्या एखाद्या गावातल्या नोंदवहीत सतरा-अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत भरलेल्या एका रकान्यामुळे, आणि ते मुलाखतीच्या आधी महिनाभर कळलं तर हातात काही उरत नाही.

तीन कागद लगेच मागवा : तिचा जन्मदाखला, मुलीचा जन्मदाखला आणि तिचा सेनोमार. सेनोमार म्हणजे तिच्या नावावर लग्नाची नोंद नसल्याचं पीएसएचं प्रमाणपत्र. ‘ती अविवाहितच आहे, मला माहीत आहे’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. तरी मागवा. सेनोमारऐवजी लग्नाची नोंद हातात आलेली मी पाहिली आहे. कधी ती त्याच नावाच्या दुसऱ्या बाईची असते, कधी तरुणपणी सही केलेल्या आणि पुढे सगळ्यांनीच विसरून गेलेल्या कागदाची. दोन्ही गोष्टी निस्तरता येतात, पण एकीला महिने लागतात आणि दुसरीला वर्षं.

मुलीच्या दाखल्यात एक रकाना नीट वाचायचा : आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण. आईवडिलांचं लग्न झालेलं नसतानाही प्रसूतीनंतर सुईण, आत्या किंवा दवाखान्यातलं कुणीतरी लाजेखातर तिथे एखादी तारीख घालून मोकळं होतं. प्रांतांत हे वारंवार दिसतं. मग आईचा सेनोमार सांगतो लग्न नाही, मुलीचा दाखला सांगतो लग्न आहे, आणि मनिलातला कॉन्सुलर अधिकारी विचारतो की यातलं खरं काय. शिवाय दाखल्यानुसार मुलगी वैध लग्नातली ठरली, तर वडिलांचाही तिच्या पालकत्वावर हक्क येतो. फिलिपिन्सच्या फॅमिली कोडप्रमाणे लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचं पालकत्व फक्त आईकडे असतं. तुमच्या प्रकरणात हे फार सोयीचं आहे, म्हणून तो रकाना कोरा असणं महत्त्वाचं. स्पेलिंगची चूक असेल तर २००१ च्या रिपब्लिक ॲक्ट ९०४८ खाली स्थानिक सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज करून ती दुरुस्त होते. जन्माचा दिवस, महिना किंवा लिंग चुकलं असेल, तर २०१२ च्या १०१७२ क्रमांकाच्या कायद्याने तेही कोर्टाशिवाय जमतं. पण आईवडिलांच्या लग्नाचा रकाना मुलाच्या वैधतेला हात घालतो, त्यामुळे तो बदलायला कोर्टातच जावं लागतं.

जन्माची नोंद उशिरा झाली असेल तर वेगळी तयारी हवी. दाखल्यावर तसा शेरा असतो. मग शाळेची नोंद, म्हणजे ज्याला तिथे फॉर्म १३७ म्हणतात ती, आणि चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडा. दोन्ही त्या काळातले असल्यामुळे अधिकारी त्यांना वजन देतात.

नावांकडेही लक्ष द्या. फिलिपिन्समध्ये मधलं नाव हे आईचं माहेरचं आडनाव असतं, आपल्याकडे ते वडिलांचं नाव असतं, आणि अमेरिकन फॉर्मला दोन्ही पद्धती ठाऊक नाहीत. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाने आईचं आडनाव लावलं असेल तर बहुधा मधलं नावच नसतं. वडिलांनी कागदावर मान्य केलं असेल तर २००४ च्या ९२५५ क्रमांकाच्या कायद्याखाली त्यांचं आडनाव लावता येतं. पासपोर्ट, जन्मदाखला आणि शाळेची नोंद या तिन्हींत मुलीचं नाव तंतोतंत एकच आहे का, हे आत्ताच ताडून पाहा.

आता तुमचा खरा प्रश्न. मुलगी सतरा वर्षांची आहे, त्यामुळे तुमच्या प्रकरणात घड्याळ तिच्या वाढदिवसाचं चालतं. अमेरिकन कायद्यात सावत्र मूल ‘मूल’ ठरण्यासाठी आईचं लग्न त्या मुलाला अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं असावं लागतं. अर्जाची तारीख किंवा व्हिसाची तारीख इथे मोजली जात नाही, फक्त लग्नाची. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लग्न झालं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी झालं तर तुमच्या नात्यावर मुलीला याचिकाच करता येत नाही. मग आईला आधी ग्रीन कार्ड मिळणार, त्यानंतर ती मुलीसाठी अर्ज करणार, आणि तो वर्गवारीच्या रांगेत जाणार. फिलिपिन्सच्या रांगा सर्वांत लांब रांगांपैकी आहेत.

लग्न वेळेत झालं तर रस्ता सरळ आहे. एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते : अमेरिकन नागरिकाच्या बायकोच्या अर्जात मूल आपोआप येत नाही. बायकोसाठी एक आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला आणण्याची याचिका, आणि मुलीसाठी दुसरा आय-१३०, असे दोन स्वतंत्र अर्ज करायचे. ‘आईच्या केसमध्ये तिचं नाव लिहिलंय’ या समजुतीवर राहिलेल्या कुटुंबांत आई विमानात बसते आणि मूल आजीकडे राहतं. मुलीचा अर्ज दाखल झाला की तिचं वय त्या दिवशी कायद्याने गोठतं, मग पुढची दिरंगाई तिला नडत नाही.

फियान्से व्हिसाचा, म्हणजे के-१ चा, एक मोठा फायदा इथेच आहे. त्यात मूल के-२ म्हणून त्याच आय-१२९एफ अर्जावर येतं, आणि ते एकवीसच्या आतलं व अविवाहित असलं की पुरतं. आईचं लग्न मुलगी अठराची झाल्यानंतर झालं, तरी के-२ वर आलेल्या मुलीला ग्रीन कार्ड मिळू शकतं. इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २०११ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे. म्हणजे वाढदिवसाच्या आत लग्न शक्य नसेल, तर के-१ हाच तुमचा मार्ग.

पण शक्य असेल तर मी तुम्हाला इलोइलोत लग्न करून दोन आय-१३० भरायला सांगेन, आणि यात माझं मत ठाम आहे. के-१ वर आलेल्या बाईला ९० दिवसांत लग्न करावं लागतं, मग ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरायचा आणि वर्क परमिटची वाट बघत घरी बसायचं. चांगली कमावती बाई महिनोन्‌महिने स्वतःच्या नावाने बँक खातं, गाडी, नोकरी काहीही नसलेली राहते. ॲडव्हान्स परोल, म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, हाती येईपर्यंत देशाबाहेर पडता येत नाही. या काळात इलोइलोत तिची आई आजारी पडली तर? मी अशा घरांतले फोन घेतले आहेत, आणि त्या वेळी माझ्याकडे द्यायला बरं उत्तर नसतं. लग्न करून इमिग्रंट व्हिसावर आलेल्या बाईला विमानतळावर उतरल्यापासूनच कायम रहिवाशाचा दर्जा असतो. ती दुसऱ्या आठवड्यात नोकरीचे अर्ज करू शकते आणि गरज पडली तर तिसऱ्या आठवड्यात परत जाऊन येऊ शकते.

पैशांचा हिशेबही त्याच बाजूला झुकतो. एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात आय-१२९एफ ६७५ डॉलर, के व्हिसाची फी माणशी २६५ आणि इथे आल्यावर आय-४८५ माणशी १,४४०. दोघींचे मिळून चार हजारांवर जातात, वर्क परमिटचे आणि परोलचे वेगळे. लग्नाच्या मार्गाने आय-१३० ऑनलाइन ६२५ किंवा कागदावर ६७५, इमिग्रंट व्हिसा माणशी ३२५, शेवटी ग्रीन कार्डची फी माणशी २३५, आणि प्रायोजकाच्या कागदांचे १२०. दोघींचे मिळून अडीच हजारांच्या आसपास. दर बदलत राहतात, भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघायचेच.

के-१ निवडलात तर एक धोका खास आपल्या लोकांना सांगायला हवा. के-१ ची पूर्वअट अशी की तुमचं लग्न अजून झालेलं नसावं. मग घरच्यांच्या आग्रहाखातर ‘नुसता विधी’ करून घेतला, हार घातले, मंगळसूत्र बांधलं, तेच फोटो पुराव्यात जोडले, की अधिकारी विचारणार : तुमचं तर लग्न झालंय, मग हा व्हिसा कशाला? साखरपुडा जरूर करा. फिलिपिन्समध्ये मुलाकडचे मागणी घालायला रीतसर मुलीच्या घरी जातात, त्याला ‘पामानहिकान’ म्हणतात. त्याचे फोटो तर उत्तम पुरावा. सप्तपदी आणि मंगळसूत्र मात्र राखून ठेवा. के-१ साठी आणखी एक अट : अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत तुम्ही एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असायला हवं. दुबईतला सहवास त्या काळातला असेल तर तो चालतो, भेट कुठल्या देशात झाली याला महत्त्व नाही. फक्त शिक्के आणि तिकिटं जपून ठेवा.

इलोइलोतल्या लग्नाची रीत अशी. तिथे परदेशी माणसाला विवाहाची कायदेशीर पात्रता सिद्ध करावी लागते. अमेरिका असा दाखला देत नाही, म्हणून मनिलाच्या दूतावासात किंवा सेबूच्या कॉन्सुलर एजन्सीत वेळ घेऊन त्याऐवजीचं प्रतिज्ञापत्र करायचं, फी ५० डॉलर. घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत सोबत न्या, साधी झेरॉक्स नको. मग ती जिथे राहते तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोघांनी अर्ज करायचा. अर्ज दहा दिवस फलकावर लागतो, मधे विवाहपूर्व समुपदेशनाचं सत्र असतं, आणि मिळालेला परवाना १२० दिवस संपूर्ण फिलिपिन्समध्ये चालतो. आठवड्याची रजा काढून जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. तीन आठवडे हातात ठेवा. लग्नाची नोंद गावाकडून पीएसएपर्यंत पोचायला काही महिने जाऊ शकतात, तिचा पाठपुरावा बायकोने सिव्हिल रजिस्ट्रारकडे स्वतः जाऊन केलेला बरा.

अमेरिकेतल्या युटा काऊंटीकडून व्हिडिओवर लग्न लावायची वाट अनेक फिलिपिनो-अमेरिकन जोडपी धरतात. अमेरिकन इमिग्रेशन असं लग्न तेव्हाच मानतं, जेव्हा लग्नानंतर तुम्ही प्रत्यक्ष भेटून पतिपत्नी म्हणून एकत्र आला असाल. आधीच्या भेटी यात मोजत नाहीत. आणि फिलिपिन्सचा कायदा दोघांनी लग्न लावणाऱ्यासमोर स्वतः हजर राहण्याची अट घालतो, त्यामुळे तिकडच्या नोंदीत असं लग्न बसवताना अडचणी येतात. तुमच्याकडे वाढदिवसाची मुदत आहे, त्यात वादाला जागा ठेवू नका.

नाशिकमध्ये लग्न करू का, असंही तुमच्या मनात असेल. तुम्ही दोघं वेगवेगळ्या धर्माचे, म्हणजे कायदेशीर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होणार. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटीस लागल्यावर आणखी तीस दिवस थांबायचं. एवढा वेळ कुणाकडे आहे? कायदेशीर लग्न इलोइलोत करा, विधी आणि जेवणावळ नंतर नाशकात करा. आईवडिलांना इलोइलोला नेणं आता सोपं झालंय. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर फिलिपिन्सला पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण, पुरेसे पैसे आणि सहा महिने वैध पासपोर्ट हवा. या १४ दिवसांना मुदतवाढ मिळत नाही, म्हणून त्यांना परवाना हातात आल्यावरच बोलवा. तुम्ही स्वतः अमेरिकन पासपोर्टवर जाता, तुम्हाला ३० दिवस मिळतात आणि तिथेच मुदत वाढवूनही घेता येते. विमानात बसण्यापूर्वीच्या ७२ तासांत सगळ्यांनी ई-ट्रॅव्हलची, म्हणजे फिलिपिन्स सरकारची प्रवासापूर्वीची ऑनलाइन नोंदणी करायची, ती फुकट असते. पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समजा.

टुरिस्ट व्हिसाबद्दल मी स्पष्ट बोलते. अमेरिकन प्रियकर असलेल्या, लग्न ठरलेल्या फिलिपिनो बाईला बी-२ मिळणं अवघड आहे. ती परतणार नाही असंच कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर असते. नकार आला तर तो पुढच्या प्रत्येक फॉर्मवर सांगावा लागतो. त्याने केस बिघडत नाही. केस बिघडते ती तो अर्ज भरताना ‘अमेरिकेत कुणी ओळखीचं नाही’ असं लिहिल्याने. खोटी माहिती सिद्ध झाली तर कायमची बंदी लागू शकते आणि माफीचा अर्ज वेगळा लढवावा लागतो. व्हिसा मिळालाच, तर त्यावर येऊन इथे लग्न करून राहून जायचं असा बेत आखू नका. तुम्हाला तिला भेटायचंय तर तुम्हीच जा, किंवा थायलंड, सिंगापूर यांसारख्या ठिकाणी भेटा, फिलिपिनो पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. एकटी बाई परदेशी मित्राला भेटायला निघाली की मनिलाच्या विमानतळावर इमिग्रेशनवाले थांबवून चौकशी करतात, आणि उत्तरं पटली नाहीत तर विमानात बसू देत नाहीत. तिकडे याला सगळे ‘ऑफलोड’ म्हणतात. हा नियम मानवी तस्करी रोखण्यासाठी आहे आणि त्यामागची भीती खरी आहे. तिच्याजवळ परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, नोकरीचं पत्र आणि तुमच्या नात्याबद्दल सरळ उत्तर असू द्या.

तुमच्या प्रकरणात लागू नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहिते, कारण सर्वाधिक संसार इथे अडतात. व्हॅटिकन सोडलं तर घटस्फोटाचा कायदा नसलेला देश म्हणजे फिलिपिन्स. मुस्लिम नागरिकांसाठी वेगळी तरतूद आहे, बाकीच्यांसाठी नाही. नवरा पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेला, दुसरा संसार थाटला, तरी कायद्याने ती विवाहितच. तिला लग्न रद्द ठरवून घ्यावं लागतं, बहुतेक वेळा फॅमिली कोडच्या कलम ३६ खाली, मानसिक असमर्थतेच्या कारणावरून. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तान-आंदाल खटल्यात ठरवलं की ही वैद्यकीय बाब नसून कायदेशीर संकल्पना आहे, त्यामुळे मानसतज्ज्ञाचा अहवाल अनिवार्य राहिला नाही. तरीही खर्च आणि वेळ दोन्ही मोठे लागतात. पहिला नवरा परदेशी असेल तर गोष्ट वेगळी : परदेशात झालेला घटस्फोट तिथल्या कोर्टाकडून मान्य करून घेता येतो, आणि २०१८ च्या मानालो निकालानंतर तो बायकोने मागितलेला असला तरी चालतो. तोवर तिच्याशी संसार थाटण्याची घाई करू नका. व्यभिचार तिथे अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आणि चिडलेला नवरा त्याचा वापर करू शकतो.

अर्ज मंजूर झाल्यावरचा टप्पा. तुमच्या उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, आय-८६४, गरिबी निकषाच्या १२५ टक्के भरायला हवं. २०२५ च्या आकड्यांनुसार तिघांच्या घरासाठी साधारण ३३,३१२ डॉलर वार्षिक. सही करण्याआधी समजून घ्या की ही जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत चालू राहते. तुम्ही एकदा संसार मोडलेला पाहिलाय, म्हणून मुद्दाम सांगते.

पोलिसांचे दाखले : फिलिपिन्सचा एनबीआय (नॅशनल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन) क्लिअरन्स, आणि ती दुबईत वर्षभराहून जास्त राहिली असल्याने अमिरातीचाही. त्याची सुरुवात लवकर करा, कारण तिथली तिची रहिवासाची कागदपत्रं आता संपलेली असतील. एनबीआयमध्ये नावसाधर्म्यामुळे ‘हिट’ येणं रोजचं आहे, घाबरू नका, पुन्हा बोलावतात आणि तपासून देतात.

वैद्यकीय तपासणी मनिलाच्या एर्मिता भागात, सेंट लूक्सच्या एक्स्टेंशन क्लिनिकमध्ये होते. इलोइलोहून विमानाने जाऊन राहावं लागेल, आणि दोघींनी बरोबर जा. खरी धास्ती क्षयाची. छातीच्या एक्स-रेवर जुना डाग दिसला तरी थुंकीची तपासणी मागतात, आणि कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल यायला सुमारे दोन महिने लागतात. क्षय निघाला तर सहा महिन्यांच्या आसपास देखरेखीखाली औषधं. लहानपणी कधी क्षय झाला असेल तर जुने एक्स-रे आणि औषधांच्या नोंदी शोधून ठेवा. आणि वैद्यकीय निकाल हाती येईपर्यंत नोकरीचा राजीनामा, घर रिकामं करणं, विमानाची तिकिटं यातलं काहीही करू नका.

मुलाखतीची पाठांतरं करून घेऊ नका. अधिकारी विचारतो ते साधं असतं : तुम्ही कसे भेटलात, त्याचं पहिलं लग्न का मोडलं, त्याचे आईवडील तुम्हाला भेटलेत का, तो काय काम करतो. ज्या बायकांना नवऱ्याचा घटस्फोट कधी झाला हेही ठाऊक नसतं, त्यांच्याबद्दल संशय येणारच. तुमचा निकाल तिला वाचायला द्या, सगळं सांगा. पुराव्यात पाचशे पानं चॅट नको. वेगवेगळ्या वर्षांतले थोडे फोटो, त्यात तिच्या घरची माणसं, तिकिटं, शिक्के, मुलीच्या शाळेच्या फीसाठी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, एवढं बोलकं असतं.

व्हिसा पासपोर्टवर आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि एक दार विसरतात. परदेशी जोडीदाराकडे निघालेल्या प्रत्येक फिलिपिनो व्यक्तीला कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीजचं, म्हणजे सीएफओचं, समुपदेशनाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर अमेरिकन व्हिसा हातात असूनही मनिलाहून विमानात बसता येत नाही. तिथे तुमच्याबद्दल विचारतात : पहिलं लग्न, घटस्फोटाचे कागद, ओळख कशी झाली. मुलीसारख्या किशोरवयीन मुलांसाठी वेगळं समवयस्क समुपदेशन असतं. काही बायकांना हा अपमान वाटतो. मला तसं वाटत नाही. परदेशात नवऱ्याने मारहाण केली तर कुठे फोन करायचा हे तिथे शिकवलं जातं, आणि तो नंबर प्रत्येकीजवळ असायलाच हवा. मुलगी आईबरोबर प्रवास करणार असेल तर समाजकल्याण खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. मावशीबरोबर किंवा एकटी पाठवणार असाल आणि ती अजून अठराची झालेली नसेल, तर लागते.

इथे आल्यानंतरचं थोडक्यात. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर बायकोला आणि मुलीला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरच्या अटी काढून घेण्याचा अर्ज, भरायचा. पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावाची बिलं, खातं, विमा जमा करत राहा. ती तीन वर्षांनी नागरिकत्वाला पात्र होईल. मुलीचं तसं नाही. सावत्र वडिलांमुळे नागरिकत्व मिळत नाही, आणि आई नागरिक होईपर्यंत ती अठरा ओलांडलेली असेल, त्यामुळे तिला पाच वर्षांनी स्वतःचा अर्ज करावा लागेल. सहा महिन्यांहून लांब इलोइलोच्या मुक्कामाने ही वर्षं मोजताना अडचण येते, वर्षाहून लांब मुक्काम तर री-एन्ट्री परमिटशिवाय नकोच.

बायको अमेरिकन नागरिक झाली की २००३ च्या ९२२५ क्रमांकाच्या कायद्याखाली शपथ घेऊन फिलिपिन्सचं नागरिकत्व पुन्हा घेऊ शकते. तिच्या नावावर घरची जमीन यायची असेल तर हे विसरू नका, कारण परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. तुम्ही तिच्याबरोबर एकाच विमानाने गेलात तर बालिकबायान, म्हणजे मायदेशी परतणाऱ्या फिलिपिनोंसाठीच्या सवलतीखाली तुम्हालाही वर्षभर व्हिसाशिवाय राहता येतं. लग्नाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, काउंटरवर स्वतःहून मागा, नाहीतर सवयीने ३० दिवसांचा शिक्का मारतात.

तिच्या आईला आणायचं झालं तर बायको नागरिक झाल्यावर त्यासाठी रांग नाही. भावंडांसाठी मात्र फिलिपिन्सची रांग वीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणून ‘तू गेलीस की आम्हालाही ने’ असं घरचे म्हणतील तेव्हा तिने खरा आकडा सांगावा. आणि या आठवड्यात करायचं काम एकच : पीएसएचे ते तीन दाखले ऑनलाइन मागवा, आले की मुलीच्या अठराव्या वाढदिवसापासून मागे मोजून लग्नाचा महिना ठरवा.